जर्मनीला मशीन बसवायला माणसं पाठवताय, तर व्हिसापुरती पॉलिसी पुरते का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोसरीत तुमची पॅकेजिंग मशीन बनवणारी 40 जणांची कंपनी, पहिल्यांदाच दोन सर्व्हिस इंजिनीयर जर्मनीला 24 दिवस मशीन बसवायला चाललेत, एजंटने व्हिसाला लागते तेवढी 30 हजार युरोची पॉलिसी सुचवली आहे, आणि तुम्ही विचारताय की ही पुरते का, आपल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये हे येत नाही का, आणि दोघांपैकी एकाला बीपीची गोळी चालू आहे त्याचं काय करायचं.

मी चाकणला एका मशीन टूल कंपनीत अ‍ॅडमिन आणि ट्रॅव्हल बघते, 16 वर्षं झाली. विमा विकत नाही, कंपनीसाठी विकत घेते आणि काही झालं तर क्लेमच्या मागे लागते, म्हणून सांगते ते सगळं त्या बाजूने सांगते. नेमकं उत्तर तुमच्या पॉलिसीचं वर्डिंग, म्हणजे अटींचा पूर्ण छापील मजकूर, बघितल्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही, कारण प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या आणि एकाच कंपनीच्या दोन प्लॅनच्याही वेगळ्या. पण कुठे बघायचं ते सांगू शकते.

आधी मेडिक्लेमचं. तुमच्या ग्रुप मेडिक्लेमच्या कागदात टेरिटोरियल लिमिट नावाची ओळ शोधा, बहुतेक ठिकाणी तिथे फक्त भारत लिहिलेलं असतं. म्हणजे माणूस विमानात बसला की तो मेडिक्लेम तिकडच्या दवाखान्यासाठी नाहीच असं धरून चाला. ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट घेतला असेल तर तो बऱ्याचदा जगभर चालतो, पण तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पैसे देतो, हॉस्पिटलचं बिल भरत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

आता 30 हजार युरो. हा आकडा शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, नियमातला आहे, तातडीचे उपचार, हॉस्पिटल, आणि गरज पडली तर माणसाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणणं, एवढ्यासाठी किमान इतकं कव्हर असलं पाहिजे, ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चाललं पाहिजे, असा तो नियम. आपल्या रुपयांत 30 लाखांच्या आसपास. व्हिसा ऑफिसरला दाखवायला ठीक आहे. पण साधं फ्रॅक्चर किंवा अपेंडिक्स वेगळं आणि आयसीयूत दहा दिवस काढून डॉक्टर सोबत देऊन स्ट्रेचरवर माणूस पुण्याला आणणं वेगळं, कमर्शियल विमानात स्ट्रेचर लावायचा तर सीटच्या रांगा मोकळ्या कराव्या लागतात आणि त्या सगळ्या सीटचे पैसे लागतात. मी युरोपला 1 लाख डॉलरच्या खाली कुणालाच पाठवत नाही, अमेरिकेला निदान अडीच लाख, जमलं तर पाच. 30 हजार युरो आणि 1 लाख डॉलरच्या प्लॅनच्या प्रीमियममधला फरक आमच्या अनुभवात एका माणसामागे हजार-दोन हजार रुपयांचा असतो, तेवढ्यासाठी घासाघीस करू नये. कव्हरचा आकडा मोठा दिसला तरी आत सब-लिमिट आहेत का तेही विचारा, म्हणजे रूमला दिवसाला इतकेच, सर्जनला इतकेच, असं. वय जास्त असेल तर त्या बऱ्याचदा असतात. शिवाय डिडक्टिबल असतो, साधारण 100 डॉलर, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले 100 डॉलर आपले.

पण खरं सांगू, तुमच्या केसमध्ये मला आकड्याची एवढी काळजी नाही. मला काळजी आहे ती तुमची माणसं तिकडे काय करणार आहेत याची. एजंट जी पॉलिसी देतात ती पर्यटकाला किंवा मीटिंगला जाणाऱ्या साहेबाला डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. तुमचे दोघं हातात पाना घेऊन मशीनच्या आत शिरणार, शिडीवर चढणार, पॅनेल उघडणार, क्रेनखाली उभे राहणार. कितीतरी पॉलिसींच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे काय काय कव्हर नाही त्या यादीत, अंगमेहनतीचं काम, धोक्याचं काम, उंचीवरचं काम असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही कारण ते सतराव्या पानावर असतं.

आम्ही हे भोगलंय. बरीच वर्षं झाली, आमच्या एका फिटरचं जर्मनीतच मशीनचं गार्ड (संरक्षक झाकण) बसवताना बोट चेंगरलं, टाके घालावे लागले, एक छोटं ऑपरेशन झालं. माणूस बरा झाला, बोट वाचलं. पण क्लेम फेटाळला गेला, पत्रात एकच ओळ होती की विमाधारक अंगमेहनतीचं काम करत असताना दुखापत झाली. मी भांडले, पण वर्डिंगमध्ये स्पष्ट होतं आणि मीच ते वाचलं नव्हतं. बिल कंपनीने भरलं, ते फार मोठं नव्हतं म्हणून निभावलं. तो फिटर मात्र तिकडे बेडवर पडून मला फोनवर विचारत होता की मॅडम, हे माझ्या पगारातून कापणार का, आणि ते ऐकल्यावर मला जे वाटलं ते अजून विसरले नाही.

तेव्हापासून मी विमा कंपनीला ईमेल लिहिते, एजंटला फोन नाही, ईमेल. आमचे अमुक लोक अमुक देशात मशीन इन्स्टॉलेशन, कमिशनिंग (बसवलेलं मशीन चालू करून देणं) आणि रिपेअरसाठी चाललेत, त्यात हाताने करायचं काम आहे, थोडं उंचीवर आहे, या पॉलिसीत हे कव्हर आहे का, असेल तर कुठल्या कलमात, नसेल तर एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती, देता का. उत्तर लेखी घ्यायचं. 'हो मॅडम सगळं कव्हर असतं' हे तोंडी उत्तर क्लेमच्या दिवशी कुणाच्याच लक्षात नसतं. कॉर्पोरेट पॉलिसी विकणाऱ्या कंपन्या हे एन्डॉर्समेंट देतात, कधी थोडे पैसे जास्त घेतात, कधी उंचीची मर्यादा घालतात. एखादी नाही म्हणाली तर दुसरीकडे जा, आणि असं आधीच कळणं चांगलं.

यालाच जोडून एक. व्हिसाच्या अर्जात आणि इन्व्हिटेशन लेटरमध्ये कामाचं स्वरूप खरं लिहा. मशीन बसवायला जाणाऱ्याच्या पत्रात नुसतं 'मीटिंग' लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि व्हिसाचा कायदेशीर भाग सोडला तरी क्लेमच्या वेळी ते पत्र, हॉस्पिटलचा रिपोर्ट आणि तुमचं डिक्लरेशन शेजारी ठेवून वाचलं जातं. तुमच्या जर्मन कस्टमरला विचारा, विकलेलं मशीन बसवायला आलेल्या परदेशी माणसांसाठी तिथे वेगळी तरतूद आणि आधी कळवण्याची पद्धत आहे, त्यांच्या एचआरला ती माहीत असते.

आता बीपीवाला इंजिनीयर. इथे जरा थांबून लिहिते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो, फार तर जिवावर बेतलं असेल तर मर्यादित रक्कम मिळते. छातीत दुखलं, स्ट्रोकसारखं काही झालं, की पहिला प्रश्न हा की बीपी आधीपासून होतं का. आणि हे कळतं कसं, तर इमर्जन्सीतला डॉक्टर विचारतो काय काय आजार आहेत, कुठल्या गोळ्या, किती वर्षं, आणि माणूस घाबरलेला असतो, खरं सांगतो, सांगायलाच पाहिजे कारण उपचार त्यावर ठरतात. ते सगळं डिस्चार्ज समरीत येतं. विमा कंपनी ते वाचते आणि मग इथल्या फॅमिली डॉक्टरचे कागद मागते.

आमच्याकडे एक सीनियर इंजिनीयर होता, चार वर्षं गोळी घेत होता आणि आम्हाला माहीतच नव्हतं. फॉर्मवर 'कुठलाही आजार नाही' अशी टिक. तिकडे एका रात्री छातीत जड वाटायला लागलं, तीन दिवस अ‍ॅडमिट, अँजिओग्राफी नॉर्मल निघाली हे नशीब. पण क्लेम अडीच महिने लटकला आणि शेवटी अर्धवट मिळाला. परत आल्यावर मी त्याला विचारलं की का लपवलं, तर म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्याला पाठवलं असतं, आणि मला त्या भत्त्यातून मुलीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे उभे करायचे होते. मला राग आलाच नाही, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं, तेव्हाचे आमचे मॅनेजर खरंच दुसऱ्याला पाठवायचे.

म्हणून माझं अगदी मनापासून सांगणं आहे, आजार सांगितला म्हणून टूर जाणार नाही हे त्यांना आधी स्पष्ट शब्दात सांगा, आणि मग विचारा. मॅनेजरसमोर विचारू नका. आम्ही कंपनी डॉक्टरकडे पाठवतो, तो बीपी, शुगर बघतो, प्रवासाला फिट आहे असं पत्र देतो आणि आजाराची माहिती थेट विमा कंपनीच्या फॉर्मवर जाते, ऑफिसभर होत नाही. तुमच्या माणसाने तर स्वतःहून सांगितलंय, म्हणजे तुमच्या कंपनीत चांगलं वातावरण आहे, ते जपा. त्याच्यासाठी आधीच्या आजाराला कव्हर देणारा प्लॅन किंवा रायडर (मूळ पॉलिसीवर घेतलेलं जादा कव्हर) मागा, मिळतात, थोडे महाग असतात. त्यातही पूर्ण रकमेपर्यंत की फक्त जिवावर बेतल्यावर, हे विचारा. गोळ्या 24 दिवसांच्या नाही, 35 दिवसांच्या द्या, केबिन बॅगेत, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन ज्यात ब्रँड नाही तर औषधाचं मूळ नाव लिहिलंय, कारण आपले ब्रँड तिकडच्या फार्मसीला माहीत नसतात.

दिवस मोजताना चूक होते. तुम्ही 24 म्हणताय. इथून निघाल्याच्या दिवसापासून घरी पोचल्याच्या दिवसापर्यंत मोजा, मग कमिशनिंग लांबलं तर म्हणून आठवडाभर जास्त घ्या. मशीन वेळेवर चालू झालंय असं माझ्या 16 वर्षांत फार थोड्या वेळा झालंय. तिकडे असताना मुदत वाढवता येते पण संपायच्या आधी अर्ज करावा लागतो, तब्येत ठीक असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि मधे क्लेम झाला असेल तर कटकट होते. आणि दोघांपैकी कुणी काम संपल्यावर चार दिवस सुट्टी टाकून स्वित्झर्लंड बघून येणार असेल, जे तरुण पोरं करतातच आणि करावंही, तर ते दिवस पॉलिसीत चालतात का ते विचारा, काही कॉर्पोरेट पॉलिसी फक्त कामाचे दिवस धरतात. तसं असेल तर त्या चार दिवसांची वेगळी पॉलिसी इथूनच घेऊन जायची, कारण बहुतेक पॉलिसी माणूस भारत सोडायच्या आधीच काढाव्या लागतात.

वर्षाला तीन-चारच फेऱ्या होणार असतील तर प्रत्येक वेळी वेगळी पॉलिसी काढा, चालतं. पुढे वाढल्या तर अ‍ॅन्युअल मल्टी-ट्रिप बघा, त्यात एका ट्रिपला 30, 45, 60 असे जास्तीत जास्त दिवस ठरलेले असतात. किंवा कंपनीच्या नावाने ट्रॅव्हल-डेजची पॉलिसी मिळते, दिवसांचा साठा घ्यायचा आणि माणूस जाईल तसं नाव कळवायचं. ती सोयीची, पण नाव कळवायला विसरलात तर तो माणूस विम्याशिवाय गेला, म्हणून आमच्याकडे तिकीट काढणारा आणि नाव कळवणारा माणूस एकच आहे.

पॉलिसी कंपनीने घ्यावी, प्रीमियम कंपनीने भरावा, कर्मचाऱ्याने स्वतः काढून बिल लावायचं ही पद्धत ठेवू नका, कारण मग तो स्वस्तातली घेतो. नॉमिनी मात्र त्याच्या घरचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं ते कधी तिकिटावर येतं कधी गळतं, मुलींचं लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं आणि पासपोर्ट जुना असतो, यावरून क्लेमला आठ-आठ दिवस जातात. आणि पॉलिसी असली तरी कामावरच्या अपघाताची मालक म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही भारतात नोंदणी असलेल्या कंपनीने परदेशात कामाला पाठवलेला माणूस धरलेला होता. त्यासाठी कंपनीची वेगळी पॉलिसी असेल तर ती भारताबाहेर चालते का ते ब्रोकरला विचारा.

जर्मन कस्टमर कधीकधी पीएफ ऑफिसचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज मागतात. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे, त्या सर्टिफिकेटमुळे तिकडच्या पेन्शनचं वेगळं कॉन्ट्रिब्यूशन भरावं लागत नाही. कव्हरेज हा शब्द बघून लोकांना वाटतं दवाखान्याचं झालं. त्याचा दवाखान्याशी संबंध नाही.

मग प्रत्यक्ष काही झालं तर. जिवावरचं असेल तर आधी तिकडच्या इमर्जन्सी नंबरला, 112 ला फोन, विम्याचा विचार नंतर. तितकं गंभीर नाही पण रात्रीचा किंवा रविवारचा डॉक्टर हवाय तर जर्मनीत 116117 आहे, हा नंबर बाहेरून गेलेल्यांना माहीत नसतो आणि ते थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊन चार तास बसतात. अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली की लगेच पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला (विमा कंपनीच्या मदतीच्या फोनला) फोन, केस नंबर घ्यायचा, कॅशलेस त्यातूनच होतं. ओपीडीचे पैसे बहुतेक वेळा खिशातून भरून नंतर मागायचे असतात, म्हणून दोघांकडे पुरेशी लिमिट असलेलं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड असू दे. एकदा आमच्या पोराला शनिवारी रात्री मुतखड्याचं दुखणं उठलं, कार्डला लिमिटच नव्हती, हॉटेलच्या मॅनेजरने पैसे भरले, देवमाणूस. दरवेळी असा भेटेल असं नाही.

आणि तो फोन कोण करणार हे आजच ठरवा. तिकडे रात्रीचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे अडीच. आजारी माणूस वेदनेत इंग्रजीतून पॉलिसी नंबर सांगत बसू शकत नाही. आमच्याकडे टूरवरच्या प्रत्येकाच्या पाकिटात छापील कार्ड असतं, त्यावर पॉलिसी नंबर, असिस्टन्स नंबर, त्याच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, कस्टमरच्या साइटवरच्या एका माणसाचा नंबर आणि माझा नंबर. दोघं जाताहेत तर एकाचं कार्ड दुसऱ्याकडेही द्या. निघायच्या आधी त्या असिस्टन्स नंबरवर इथून एकदा फोन करून बघते मी, लागतो का, कोण उचलतं.

कागदांचं थोडक्यात: डॉक्टरचा रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, बिल आणि पैसे भरल्याची पावती, चारही हवेत, नुसतं बिल चालत नाही. जर्मनीत अँब्युलन्सचं बिल वेगळं आणि कधीकधी कितीतरी आठवड्यांनी पोस्टाने येतं, म्हणून हॉस्पिटलला पत्ता कंपनीचा द्या आणि क्लेम घाईने बंद करू नका. आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के दाखवले की कधी गेला कधी आला सिद्ध व्हायचं, पण 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनमध्ये शिक्क्यांऐवजी संगणकावर नोंद व्हायला सुरुवात झालीय, म्हणजे तिकडचा शिक्का हातात असेलच असं नाही.

सामान हरवलं, उशिरा आलं हे पॉलिसीत असतं पण रक्कम छोटी असते, विमानतळ सोडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरला लेखी तक्रार द्यायची आणि तिची प्रत घ्यायची एवढं सांगून ठेवा. टूल्स आणि लॅपटॉप मात्र यात येतात असं समजू नका. मेजरिंग इन्स्ट्रुमेंट वगैरे नेणार असाल तर त्याचा ट्रान्झिट विमा वेगळा, आणि परत आणायची असतील तर फिक्की या उद्योगांच्या संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान ड्यूटी न भरता तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद, मिळतं ते बघा, नाहीतर कस्टमला अडकतं.

युद्धाचंही सांगून ठेवते कारण आपल्याकडची बरीच माणसं आखाती देशांमार्गे जातात. 23 जून 2025 ला कतारने अचानक हवाई हद्द बंद केली तेव्हा जगभरचे प्रवासी मधेच लटकले. युद्ध आणि तशा घटना बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात, हॉटेलचे, नव्या तिकिटाचे पैसे मिळतील असं धरू नका. त्यासाठी आम्ही माणशी एक रक्कम बाजूला ठेवतो, ती टूरच्या बजेटमध्येच धरलेली असते, म्हणजे रात्री कुणाला तिकीट काढायचं तर कुणाच्या सहीसाठी थांबावं लागत नाही.

तर तुमच्या दोघांसाठी मी काय केलं असतं: 1 लाख डॉलरचा प्लॅन, 31 किंवा 32 दिवसांचा, हाताने करायच्या कामाचं एन्डॉर्समेंट, बीपीवाल्याला आधीच्या आजाराचं कव्हर, आणि एजंटकडून जाहिरातीचं पत्रक न घेता पूर्ण वर्डिंग. ते हातात आलं की नाव-नंबर झाकून एक्सक्लूजनची पानं इथे टाका. शनिवार-रविवारी मला वेळ असतो, वाचून सांगते कुठलं कलम अडेल ते.